बिनपुसाची पुळण

तंबू लावायला जागा आहे का, एवढंच तुम्ही विचारलंत आणि मी खाली उतरणाऱ्या पायऱ्यांच्या पाखाडीकडे बोट दाखवलं. तुम्ही दोघं कुठले, एकमेकांचे कोण, किती दिवस राहणार, यातलं काही मी विचारलं नाही. वाडीतलं दुसरं कोणी विचारणार नाही. खालच्या पुळणीला नकाशावर नाव नसेल. आम्ही तिला बिनपुसाची पुळण म्हणतो. दोन्ही बाजूंना समुद्रात शिरलेल्या कातळाची, खडपाची टोकं, मागे केवड्याचं बन, आणि वाळू इतकी आत वळलेली की वरच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला ती दिसतच नाही. सकाळपासून तीन किनाऱ्यांवरून तुम्हाला उठवलं म्हणालात, म्हणून सांगतो. बसा. चहा होईपर्यंत सांगून होईल.

गोष्ट फार जुनी. तेव्हा रस्ता नव्हता, किनारपट्टीला देवीची साथ होती. त्या दिवसांत एक माणूस बैलावर मीठ लादून किनाऱ्याकिनाऱ्याने चालला होता, असं सांगतात. त्याचं नाव कोणालाच माहीत नाही. आम्ही त्याला मीठवाला म्हणतो. बरोबर बायको होती. वाटेत तिला ताप भरला आणि चौथ्या दिवशी अंगावर फोड उठले. मग त्याने अर्धं मीठ टाकून दिलं आणि तिला बैलावर दोराने बांधून घेतलं.

गावात शिरायची सोय नव्हती, म्हणून तो आडबाजूच्या पुळणी शोधायचा. गोडं पाणी जवळ हवं, वारा अडायला हवा आणि धूर वर दिसता कामा नये. पण धूर दिसायचाच. माणसं लांब उभी राहून, कुठला तू म्हणून हाक मारायची, 'खंयचो रे तू?' उत्तराची वाट कोणी पाहायचं नाही. हाकेमागून काठ्या यायच्या. तो अर्धकच्चा भात तसाच उचलून निघायचा. आठ दिवसांत पाच पुळणी झाल्या. पुढे पुढे, म्हणे, कोणी न येताही तो उठायचा. चूल मांडायचा आणि पेटवायच्या आधीच मोडायचा. माडाची झावळी हलली तरी बैल सोडायचा. बायको म्हणायची, 'जरा टेकूया.' तो उभ्यानेच खायचा.

सहाव्या ठिकाणी तो इथे उतरला. दुपारची वेळ, ओहोटी संपत आलेली. आमच्या वाडीतली भागी खडपावर कालवं काढत होती. एकटी बाई, नवरा लवकर वारलेला. लहानपणी तिला देवी येऊन गेल्या होत्या, तोंडभर वण होते, त्यामुळे त्या दुखण्याचं तिला भय नव्हतं. तिने बैल पाहिला, वर बांधलेली बाई पाहिली आणि काय ते ओळखलं. ती चांगल्या मनानेच पुढे झाली. नवं माणूस भेटल्यावर जे कोणीही बोलेल ते बोलली.

'खंयचो रे तू?'

पाणी देऊ का, हे ती पुढे म्हणणार होती. पण मीठवाल्याने तो प्रश्न ऐकला, तिच्या हातातली कोयती पाहिली, आणि बैल वळवला. दक्षिणेच्या टोकाला वळसा घालून पलीकडे जायला तो खडपात शिरला. भागी ओरडली, 'अरे, भरती लागली हा, थंय वाट नाय.' त्याला तेही हाकलणंच वाटलं. तो बैलाला आणखी मारू लागला.

टोकाशी पाणी बैलाच्या पोटाला लागलं. खालचा दगड शेवाळलेला होता. बैल घसरला आणि पोत्यांसकट लाटेत गेला. काही जण सांगतात, तेव्हा समुद्र मागे सरला. माझे आजोबा म्हणायचे, समुद्र काही सरला नव्हता, भागी गळ्यापर्यंत आत उतरली होती. तिने कोयतीने दोर कापला आणि दोघांनी मिळून बाईला खडपावर ओढलं. बैल पुन्हा दिसला नाही.

वाळूवर आणल्यावर भागीने त्या बाईच्या तोंडात पाणी घातलं. मीठवाला शेजारी उभाच. 'आम्ही जातो,' म्हणाला. कशावर जाणार, कुठे जाणार, भागीने विचारलं नाही. ती बाईचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली. बऱ्याच वेळाने तोही बसला. मग जो झोपला तो दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर येईपर्यंत.

तोवर वाडीतली माणसं काठ्या घेऊन पाखाडी उतरली होती. भागी शेवटच्या पायरीवर आडवी उभी राहिली. वाडीचा प्रमुख, गावकार, लांबूनच म्हणाला, 'कोण ती, खंयची, ता तरी कळाक होया.'

'मियां इचारलंय एकदा,' भागी म्हणाली. 'बैल गेलो, मीठ गेला, बाई जाता जाता रवली. आता हंय कोणी इचारूचा नाय.'

तिचं कोणी ऐकावं अशी ती मोठी बाई नव्हती. पण माणसं परतली. लाजेने परतली, की तिला शिवायला नको म्हणून, ते मला सांगता येणार नाही. एवढं खरं, की तिसऱ्या दिवशी कोणीतरी वरच्या पायरीवर तांदूळ ठेवून गेलं होतं.

एकविसाव्या दिवशी बाई स्वतःच्या पायांनी उठली. एक डोळा मात्र गेला होता. निघताना तिने भागीच्या कानाशी तोंड नेऊन आपलं नाव आणि गाव सांगितलं, असं म्हणतात. भागीने ते मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

आजही या पुळणीवर कोणी उतरलं की वरच्या पहिल्या घरातून आधी पाणी खाली जातं, आणि पाणी नेणारा भरतीची वेळ तेवढी सांगतो. ते घर माझं. आज भरती साडेपाचला आहे, तंबू केवड्याच्या बाजूला लावा. आणि तुमच्याबरोबरचे हे मघापासून पाठीवरची पिशवी न उतरवता उभेच आहेत. बसा म्हणावं त्यांना, इथून कोणी उठवत नाही.