साळये बंदरातली घड्याळं

फिरंग्यांच्या ताब्यातल्या साळये बंदरात परदेशी मालावर जकात नव्हती. गाव जेमतेम दोन हजार वस्तीचं, पण वर्षाला तिथे चाळीस हजार मनगटी घड्याळं उतरत. रात्री ती चोरून खाडीपलीकडच्या इंग्रजी मुलखात जात. चोरट्यांशी झालेल्या झटापटीत तिकडचा एक शिपाई बुडून मेला, तेव्हा इंग्रजांचे जकात अधिकारी केळुस्कर मदत मागायला बंदराच्या गव्हर्नरकडे गेले.

गव्हर्नर दों फेलिसियानोंनी त्यांना साधं बसायलाही सांगितलं नाही.

"आमच्या बंदरातून टाचणीसुद्धा बाहेर जात नाही," मिशीला पीळ देत ते म्हणाले. "माझ्या प्रजेला घड्याळं आवडतात. तुम्हा भिकाऱ्यांना ते कळायचं नाही."

केळुस्करांना शिपायाची बायको आठवली, पण त्यांनी आवाज चढवला नाही.

"मग प्रश्नच मिटला, साहेब. माल धक्क्यावर उतरला की प्रत्येक घड्याळावर साळये बंदराचं नाव कोरू या. खर्च आमचा. घड्याळं गावातच राहणार, तर गावाचं नाव शोभून दिसेल."

गव्हर्नर ताडकन उठले. "वेड लागलंय का? नाव कोरलेलं घड्याळ तिकडे घेणार कोण?"

"तिकडे म्हणजे कुठे, साहेब?"

कोपऱ्यात बसून भेटीची नोंद घेणाऱ्या कारकुनाने गव्हर्नरांचं ते वाक्य कागदावर उतरवूनही टाकलं होतं. गव्हर्नरांनी घाम पुसत नाव कोरण्याच्या हुकमावर सही केली.

पुढच्या वर्षी साळये बंदरात साठ घड्याळं उतरली.