नळीचा पीळ

एकदा एक वृद्ध बंदूकसाज डोंगराच्या पायथ्याशी राहत होता. परवान्याच्या बंदुका तो दुरुस्त करी आणि नेमबाजीही शिकवी. पत्नी केव्हाच गेली होती, मूलबाळ नव्हते. घरात माणूस म्हणावे असे एकच, त्याची शिष्या. आईवडिलांविना वाढलेली, अबोल, आणि एकदा मनात धरले की न सोडणारी.

रोज सकाळी दोघांचे एक काम ठरलेले असे. उस्ताद रायफलची नळी उचलून एका टोकाला डोळा लावी, दुसऱ्या टोकाशी शिष्या पांढरा कागद धरी. त्या उजेडात नळीच्या आत कोरलेले पिळाचे आटे दिसत. तिचा हात हमखास हले.

"कागद हलतोय गं," तो म्हणे.

"नेम धरताना हलत नाही, तेवढं पुरे नाही का?" ती म्हणे. त्या घरात दिवसभरातली थट्टा काय ती एवढीच.

पण नेमही धड लागत नव्हता. उस्तादाचे इतर विद्यार्थी थोड्याच दिवसांत तयार होऊन गेले, ही मात्र स्पर्धांमधून रिकाम्या हाताने परते. लोक म्हणत, दिव्याखाली अंधार. लोकांचे काय, त्यांना बोलायला तेल लागत नाही. उस्ताद कधी रागावत नसे. "होईल सावकाश," इतकेच म्हणे.

शेवटी एका संध्याकाळी ती म्हणाली, "उस्ताद, माझ्या हातातच खोट आहे. उद्यापासून मी रायफल धरणार नाही. दुकानातलं काम बघीन आणि इथंच राहीन."

एकट्या म्हाताऱ्याला याहून गोड काय हवे होते? तरीही त्याने ताट अर्ध्यावर सारले.

सकाळी त्याने आपली जुनी रायफल तिच्या हाती दिली. सोबत त्या नळीच्याच मापाच्या, पण लांब आणि जड गोळ्या दिल्या. "शेवटचं म्हणून मार," तो म्हणाला. तिने जीव ओतून नेम धरला. लक्ष्याचा कागद आणून पाहिला, तर भोके विखुरलेली, आणि गोल नव्हेत, लांबट. गोळ्या आडव्या होऊन शिरल्या होत्या. तिचे डोळे भरून आले. उस्ताद आत गेला आणि तिची पत्र्याची पेटी भरू लागला.

"मला घालवताय?" तिने दारातून विचारले.

त्याने नळी साफ करायच्या गजाला घट्ट चिंधी गुंडाळली, गजावर खडूची खूण केली, टोक त्याच रायफलच्या नळीत घातले आणि म्हणाला, "ढकल." गज आट्यांच्या पिळाबरोबर फिरत आत सरकू लागला. खडूच्या खुणेचा एक फेरा पुरा व्हायच्या आत नळी संपली.

"पाहिलंस? या नळीचा पीळ सैल आहे. आखूड, हलकी गोळी यातून सुतासारखी सरळ जाते. लांब गोळीला एवढी फिरकी पुरत नाही. ती हवेत डगमगते नि आडवी होते. तिला घट्ट पिळाची नळी लागते. म्हणून गोळी खोटी नव्हे, आणि नळीही खोटी नव्हे." त्याने गज बाहेर ओढला. "माझं शिकवणं असंच सैल आहे, पोरी. हलक्याफुलक्या पोरांना ते पुरलं. तू लांब गोळी आहेस. शहरात एक बाई शिकवतात. फार कडक आहेत, रडवतील तुला. त्यांच्याकडे जा. हे मला कधीचं दिसत होतं, पण..."

"पण काय?"

"कागद कोण धरणार, म्हणून बोललो नाही."

ती त्याच्या पाया पडली आणि दुपारच्या एसटीने गेली.

ज्याच्यावर आपला जीव असतो, त्याला आपल्याच नळीत ठेवावेसे वाटते, आणि त्या मोहाला आपण खुशाल माया म्हणतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तादाने पांढरा कागद खिडकीच्या चौकटीला खिळ्याने ठोकला आणि नळीला डोळा लावला. आटे पूर्वी कधी दिसले नव्हते इतके स्पष्ट दिसत होते. कागद जराही हलत नव्हता, आणि तेच त्याला सहन होईना.