नाव घेतलेला घास

त्या राज्यात जमीन उरली नव्हती. जिकडे बघावं तिकडे वारूळच. साठ मजले उंच, आणि कडेला पोचावं तर पुढे पुन्हा वारूळच. कोट्यवधी वाळव्या त्यात अंगाला अंग घासत राहत, पाळीपाळीने झोपत, पाळीपाळीने खात. एवढ्यांची पोटं भरतात कशी, हा प्रश्न तिथे कुणाला पडत नसे. घास येत होता ना, मग झालं तर!

घास यायचा दूरच्या रानांतून. भुयारं थेट तळाच्या दरवाजापर्यंत आणली होती. हमालणी लाकडाचा चुरा आणून टाकत, आणि तो तोंडातून तोंडात देत वर चढवला जाई. मात्र दरवाजातल्या चाखणारीने चाखून नाव घेतल्याशिवाय एक कणही वर सरकत नसे. फार पूर्वी विषारी लाकडाने अख्खे सात मजले गारद झाले होते, तेव्हापासूनची ही रीत. चाखणारी 'साग' म्हणाली की पहिला मजला 'साग' म्हणे, मग दुसरा, आणि घासाबरोबर त्याचं नावही वर चढे. ती 'थू' म्हणाली तर सगळ्यांनी टाकून द्यायचं, आणि दरवाजा तीन दिवस बंद.

सुंद्रा ही तळाची चाखणारी. जीभ अशी की नुसत्या चवीवरून झाड सांगावं, वर ते कुठल्या उताराचं तेही सांगावं. एवढ्या गर्दीत तिला आपलं म्हणावं असं एकच होतं, धाकटी बहीण ठकू. अंड्यातून निघाली तेव्हा ती इतकी मरतुकडी होती की दाया तिला टाकून द्यायला निघाल्या होत्या. सुंद्राने आपल्या तोंडचा घास भरवून तिला जगवलं. आता ठकू विसाव्या मजल्यावर, पाळणाघरात पिल्लांना भरवायच्या कामाला होती. पाळणाघर मधल्या खांबाला बिलगून होतं. हा खांब म्हणजे मूळचं एका प्रचंड झाडाचं खोड. त्याच्याभोवतीच पहिलं वारूळ उभं राहिलं होतं, आणि अजूनही सगळा भार त्याच्यावरच होता.

एके दिवशी घास जिभेवर ठेवला आणि सुंद्राचा जबडा थांबला. तुरट, आणि मागून किंचित गोड. ही चव कुठल्याच रानाची नव्हती. पाळणाघरातली पिल्लं जबडे शिवशिवले की खांब चाटतात, तिनेही लहानपणी चाटला होता. ही चव त्याच खांबाची होती.

दरवाजाची मुकादमीण गिरजाआक्का. सुंद्राने तिला विचारलं, तर आधी तिने उडवूनच लावलं. मग बाजूला घेतलं आणि हळूच सांगून टाकलं. रानं कधीच संपली होती. भुयारं आतल्या आत वळवून खांबाला भिडवली होती. कालपर्यंत खांबाचा चुरा जुन्या सागात थोडा थोडा मिसळून भागवलं, आज सागही संपला. ती काही वाईट नव्हती, पण दरवाजा चालू ठेवण्यापलीकडे तिला दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

"किती उरलाय खांब?" सुंद्राने विचारलं.

"बाहेरून आहे तसाच आहे," गिरजाआक्का म्हणाली. "आतलं विचारू नकोस. साग म्हण, बाई. थू म्हणालीस तर दरवाजा तीन दिवस बंद, आणि पिल्लं एक दिवसही काढायची नाहीत."

वरून ओरडा सुरू झाला होता. घासाला इतका उशीर कधी झाला नव्हता. साग म्हटलं तर आज ना उद्या ठकू खांबासकट खाली येणार. थू म्हटलं तर ती आपल्या पिल्लांबरोबर उपाशी मरणार, कारण त्यांच्या आधी ती घास गिळायची नाही, एवढं सुंद्रा तिला ओळखून होती. मग तिला वाटलं, खरं नाव घ्यावं. एकदा कळलं की एवढी कोट्यवधी डोकी आहेत, काहीतरी सुचेलच त्यांना. निदान पाळणाघर तरी हलवतील. गिरजाआक्का तिचं तोंड दाबायला धावली, पण तोवर सुंद्रा बोलून गेली होती.

"खांब."

पहिल्या मजल्यावर घास घ्यायला कुणी पुढे होईना. कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, थू म्हणाली का? दुसरीने सांगितलं, नाही, थू नाही म्हणाली. मग तिथल्याच एकीने घास घेतला आणि रोजच्या सुरात म्हटलं, "खांब." दुसऱ्या मजल्याने म्हटलं, तिसऱ्याने म्हटलं. सुंद्रा जीव तोडून ओरडत राहिली, की अगं, कळतंय का तुम्हाला, खांब म्हणजे आपला खांब! पण एव्हाना सगळे जबडे चालू झाले होते, आणि त्या कुरकुर आवाजात तिचं तिलाच ऐकू येईना.

हवेच्या उभ्या नळीशी जाऊन तिने कान लावला. दहावा मजला झाला. पंधरावा झाला. मग विसाव्या मजल्यावरून ठकूचा आवाज आला, नीट समजावून सांगितल्यासारखा.

"खांब. चला बाळांनो, आ करा."