आधी बांधलेला फेटा

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या आजोबांचे आजोबा रांगायला लागायच्याही आधी, एका खोल नदीच्या काठी एक गाव होतं. गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तिथली माणसं माझ्या दारात भांडायला येतील, आणि भांडायला मात्र ती वेळेवर येतात. मुलांनो, तुम्ही ऐका. मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐका, कारण ही चूक मोठीच माणसं करतात.

त्या गावात पाडव्याला एक रीत होती. ज्याला काही मोठं काम करायचं असेल त्यानं चावडीपुढे उभं राहायचं आणि आपला संकल्प मोठ्यानं सांगायचा. मग पाटील त्याच्या डोक्याला फेटा बांधायचे, हातात नारळ द्यायचे आणि वर्षभर पंगतीत त्याला पहिलं पान मिळायचं.

म्हणजे काम करण्याआधीच. नुसतं सांगितल्याबद्दल.

पूर्वी असं नव्हतं बरं का. पूर्वी काम झाल्यावर फेटा मिळायचा. पण एका वर्षी त्या वेळच्या पाटलांना तीर्थयात्रेला निघायचं होतं. ते म्हणाले, "काम काय, होणारच आहे. फेटा आत्ताच बांधून टाकू." लोकांना ही सोय इतकी आवडली की तीच रीत होऊन बसली. त्या वर्षीचं काम काय होतं, तर गावची विहीर. ती अजून कमरेइतकीच खोल आहे आणि तिच्यात शेळ्या बसतात.

गावात पहिलवान होणार म्हणून फेटा घेतलेले अकरा जण होते. त्यांतला एक जण जरी उठाबशा काढताना दिसला असता तरी मी गप्प बसलो असतो. एकानं देवळाला कोट बांधायचा फेटा घेतला होता, त्याचे चार दगड आले आणि त्यांवर लोक गप्पा मारत बसायचे. सगळी बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. पण पाडव्याच्या दिवशी पाहाल तर गावभर रंगीत फेटे, आणि जो तो दुसऱ्याचं कौतुक करतोय.

याच गावात एक सुतार होता. कारागीर म्हणून त्याच्या हाताला तोड नव्हती. नांगर, बाज, दार, काहीही सांगा, कबूल केलेल्या दिवशी घरी पोचतं करायचा. त्याची बायको सुईण होती. नदीच्या अलीकडची आणि पलीकडची निम्मीअधिक पोरं तिच्याच हातावर जन्मली होती.

त्यांची एकुलती एक लेक साळू नदीपलीकडच्या गावात दिली होती. ती पहिलटकरीण होती. तिच्या सासरी बाई माणूस नव्हतं, सासू कधीच गेलेली. गावची जुनी नाव त्या हिवाळ्यात खडकावर आपटून फुटली. नदी तिथं बारमाही खोल, आणि डोंगराला वळसा घालून जायचं तर तीन दिवस चालायला हवं. जड पावलांनी साळूला ते जमणार नव्हतं, आणि पाऊस लागला की ओढ्यांनी ती वाटही तुटायची.

सुतारणीनं नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, "श्रावण सरताना तिचे दिवस भरतील. तेव्हा मला तिच्याजवळ असायला हवं. नाव करा."

"दीड-दोन महिन्यांचं काम," सुतार म्हणाला. "पाच महिने आहेत. कशाला काळजी करतेस?"

त्याच दिवशी तो लाकूड कापायला गेला असता तर माझी गोष्ट इथंच संपली असती आणि तुम्हीही घरी गेला असतात. पण दोन दिवसांवर पाडवा होता. सुतार चावडीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "मी गावासाठी नाव बांधीन आणि तिच्यातून माझ्या लेकीचं बाळंतपण करायला तिच्या आईला नेईन."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पाटलांनी स्वतःच्या हातानं गुलाबी फेटा बांधला. सुताराच्या छातीत असं भरून आलं की नाव जणू पाण्यात उतरून पलीकडे जाऊनही आली.

तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं. दुसऱ्या दिवसापासून सुतार जिथं जाईल तिथं लोक म्हणायचे, "काय सुतारदादा, नाव कुठवर आली?" मग तो बसायचा. गूळपाणी यायचं. नाव किती हात लांब, वल्ही कुठल्या लाकडाची, फटी कशा बुजवायच्या, सगळं तो रंगवून सांगायचा. लोक माना डोलवायचे. संध्याकाळी घरी येईपर्यंत तो खरंच दमलेला असायचा. आणि लाकूड तासायचा वासला आपला खुंटीवर, जसाच्या तसा.

चैत्र संपला. बायकोनं विचारलं, "लाकूड आणलंत?"

"आधी आकार ठरू दे," असं म्हणून त्यानं कोळशानं घराच्या भिंतीवर नाव काढली. सुरेख काढली, खोटं का बोला.

"यात बसून जाऊ का मी पलीकडे?" ती म्हणाली.

अक्षय्य तृतीयेला त्या गावात आणखी एक खुळचट रीत होती. संकल्प वाढवणाऱ्याला दुसरा फेटा मिळायचा. सुतार पुन्हा उभा राहिला. नाव आता साधी नको, बारा माणसं बसतील अशी करीन, पुढे मोराचं तोंड कोरीन. टाळ्या पडल्या. दुसरा फेटा, पिवळा, मिळाला. अरे, पहिल्या नावेची एक फळी नाही आणि हा मोर कोरायला निघाला! मी तिथं असतो तर दोन्ही फेटे काढून त्याच्याच हातात दिले असते.

या सगळ्या काळात त्यानं शेजाऱ्याची बैलगाडी दुरुस्त केली, पाटलांचा देव्हारा केला, दोन बाजा विणून दिल्या. सगळं वेळेवर. कारण त्या कामांचं कौतुक काम झाल्यावरच होणार होतं. नावेचं कौतुक तो खाऊन बसला होता. आता तिच्यात उरला होता तो नुसता घाम, आणि नुसत्या घामाकडे कुणाचे पाय वळतात?

सुतारणीनं सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. शेवटी आषाढात ती स्वतःच कुऱ्हाड घेऊन निघाली, तेव्हा कुठे लाजून सुतारानं एक झाड तोडलं. ते अंगणात आडवं पडलं आणि गाव ते बघायला आलं. पुन्हा गूळपाणी.

श्रावण सरत आला. बाळानं मात्र वेळ पाळली. त्यानं कुठे फेटा घेतला होता?

एका सकाळी पलीकडच्या काठावर चिंचेच्या झाडाला लाल लुगडं फडकलं. तसं ठरलेलंच होतं. लाल म्हणजे कळा सुरू झाल्या, पांढरं म्हणजे सुखरूप सुटका.

सुतारीण काठावर उभी राहिली. नदी दुथडी भरून चालली होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलंही नाही. घरातून दोन मोठे सुकलेले भोपळे आणले, त्यांची सांगड बांधली आणि म्हणाली, "मी पोहून जाते. कंबरेला दोर बांधा. वाहून जायला लागले तर ओढून घ्या."

एवढा लांब दोर गावात कुणाकडेच नव्हता. विहिरीचा असता, पण विहीर तर कमरेइतकी.

"फेटे काढा," सुतारीण म्हणाली.

कुणी हललं नाही. मग तिनंच पुढे होऊन एका पहिलवानाच्या डोक्यावरचा फेटा ओढला. ते पाहून बाकीच्यांनी निमूटपणे आपापले काढले. न खणलेल्या विहिरीचा फेटा, न बांधलेल्या कोटाचा फेटा, अकरा पहिलवानांचे अकरा. पीळ देऊन, गाठीला गाठ मारून दोर झाला. काठावरच्या एका म्हाताऱ्यानं अंदाज घेतला आणि म्हणाला, "दोन कमी पडतात."

सगळ्यांनी सुताराकडे पाहिलं. त्यानं डोक्यावरचा पिवळा फेटा काढला. मग घरात जाऊन गुलाबी आणला. गाठी त्यानंच मारल्या.

ती पाण्यात शिरली. दोनदा दिसेनाशी झाली. सुतार दोराचं टोक मुठीत धरून उभा होता. अखेर ती पलीकडच्या चिखलात गुडघ्यांवर उठली, दोर सोडला आणि चिंचेकडे धावली.

बाळ पायाळू होतं. पलीकडच्या बायांनी हात टेकले होते. अजून घटकाभर उशीर झाला असता तर दोन्ही जीव गेले असते. ऊन कलताना चिंचेवर पांढरं लुगडं चढलं. काठावरचं सगळं गाव एकदम बोलू लागलं. सुतार मात्र घरी गेला आणि त्यानं खुंटीवरचा वासला काढला.

पुढचे चाळीस दिवस लोक विचारत राहिले, "नाव कुठवर आली?" त्यानं कुणालाही उत्तर दिलं नाही. गूळपाणी आलं ते तसंच परत गेलं. बाराव्या दिवशी पलीकडे बारसं झालं, त्याचा सनईचा आवाज पाण्यावरून इकडे आला. तेव्हा तो नावेच्या फळ्या तासत होता. त्यानं हात थांबवला नाही.

नाव झाली. चार माणसांची, बिनमोराची. भल्या सकाळी कुणाला न सांगता त्यानं ती पाण्यात लोटली आणि पलीकडे गेला.

साळू पांढरीफटक पडली होती, अजून भिंतीला धरून उठत होती. बाळ पाळण्यात झोपलं होतं. सुतारानं आधी बाळाकडे पाहिलं आणि मग, कारागीरच तो, पाळण्यावरून हात फिरवला. सांधे घट्ट होते. कोपरे नीट घासलेले होते.

"पाळणा कुणी केला?" त्यानं विचारलं.

"इथल्या सुतारानं," साळू म्हणाली. "बाळ झाल्यापासून तीन दिवसांत आणून दिला. आम्ही सांगितलंही नव्हतं, बाबा."

तिनं टोमणा मारला नव्हता. नुसतं जे झालं ते सांगितलं. पण आजोबा सुतार असताना नातू परक्याच्या पाळण्यात झोपला, हे त्याला मरेपर्यंत विसरता आलं नाही. तो तिथंच जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडला. सुतारणीनं त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

तो बायकोला घेऊन परत आला तेव्हा पाटील काठावर नवा फेटा घेऊन उभे होते. "सुतारदादा, आता तर तुमचा हक्कच झाला," ते म्हणाले.

"पाटीलबुवा, हा हिला बांधा," सुतार म्हणाला. "आणि यापुढे ज्याचं काम झालं नाही त्याला गावाचा चिंधीभर कपडाही देऊ नका. मी मागितला तरी देऊ नका."

त्या वर्षापासून पाडव्याला गावात फार थोडे फेटे दिसायचे. पहिल्या वर्षी एकच दिसला. विहिरीला पाणी लागलं होतं, आणि शेळ्यांना दुसरी जागा शोधावी लागली.

तेव्हा लक्षात ठेवा: मान आधी खाल्ला की कामाच्या वाट्याला नुसते कष्ट उरतात, म्हणून आधी काम पुरं करा आणि फेटा मागाहून बांधा.