ताटावर धरलेला हात

“पाण्यानंसुद्धा तुझं पोट भरत नाही?”

“नाही, महाराज.”

डोंगराच्या पायथ्याशी, मठाच्या ओसरीवर रंगनाथ आचारी पाय पसरून बसला होता. मांडी घालणं गुडघ्यांना केव्हाच झेपेनासं झालं होतं.

डोंगरावर देवीचं देऊळ. त्याची बायको इंदू दर चैत्रात तिथं ओटी भरायला जायची आणि तो नारळाची पिशवी घेऊन तिच्यामागून कुरकुरत चढायचा. ती गेली. ओटी राहिली. आता ती ओटी आपल्या हातानं वर न्यायची, एवढंच त्याच्या मनात होतं; पण डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, वजन उतरल्याशिवाय पायरी चढायची नाही.

“उपाय काय केलेस?” भानगिरी महाराजांनी विचारलं.

हा प्रश्न रंगनाथला आवडला. लग्नाच्या स्वयंपाकात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

“पोट कसं भरतं ते मला विचारा, महाराज. यजमानाची जिलबी कमी पडणार असं दिसलं, की पंगत बसल्या बसल्या मी मठ्ठा फिरवतो. मग उसळ, कोशिंबीर, पुन्हा मठ्ठा. पाण्याचा जग पंगतीतून हलू देत नाही. जिलबी येईपर्यंत भलेभले पट्टीचे खाणारे ढेकर देतात! तीच युक्ती आता स्वतःवर करतोय. आधी तांब्याभर पाणी, मग काकडी, मग मुगाचं कढण. तूप बंद, साखर बंद.”

“मग?”

रंगनाथचा आवाज उतरला.

“पोट तट्ट फुगतं. तरी हात पातेल्यात जातोच.”

“पातेल्यात? ताट घेत नाहीस?”

“आचाऱ्याला कसलं ताट, महाराज? चव बघता बघता उभ्यानंच जेवण होतं.”

“घरीसुद्धा?”

रंगनाथ गुडघे चोळू लागला.

“रंगनाथा, घरीसुद्धा?”

“घरी ती होती ना. खेकसायची माझ्यावर. ‘गावाला वाढता, इथं तरी बसून जेवा.’ आणि समोर बसायची...”

तो डोंगराकडे बघत राहिला.

महाराज उठले. त्यांनी ओसरीवर चौरंग ठेवला, त्यावर ताट मांडलं, शेजारी पाण्याचा तांब्या. भाकरी वाढली, दोडक्याची भाजी वाढली आणि भाजीचं पातेलं घेऊन स्वतः समोर बसले.

रंगनाथ अवघडून जेवू लागला. एवढ्या पंगती उठवलेला माणूस, पण समोर कुणी बसलंय म्हटल्यावर घास नीट चावून खाऊ लागला.

“वाढू?”

“वाढा.”

थोड्या वेळानं पुन्हा, “वाढू?”

“थोडी.”

तिसऱ्यांदा महाराजांनी पळी पुढे केली, तसा रंगनाथचा हात आपोआप ताटावर आडवा आला.

“पुरे, महाराज.”

पळी थांबली.

हात मात्र तसाच राहिला. बोटं जराशी फाकली.

इंदू कधी थांबायची नाही. तो असा हात धरायचा आणि ती बोटांच्या फटीतून थोडं तरी वाढायचीच. मग तो रागावायचा, ती हसायची, आणि ते शेवटचे दोन घास त्याला सगळ्या जेवणापेक्षा गोड लागायचे.

रंगनाथ वाट बघत राहिला. आपण कशाची वाट बघतोय हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

बोटांवर काही पडलं नाही...

महाराजांनी पळी पातेल्यात ठेवली. तांब्या उचलला आणि ताटावर धरलेल्या त्या हातावर हळूहळू पाणी ओतलं. खरकटं धुऊन निघेपर्यंत ओतत राहिले.

मग म्हणाले, “तिचं वाढून केव्हाच झालंय, रंगनाथा. ताटावरून तूच अजून उठला नाहीस.”