मैनेच्या ताटात उरलेल्या घासांची कहाणी

श्रावण शुद्ध नवमी, शुक्रवार. पहाटे दोन सरी, नऊनंतर उघाड, वारा पश्चिमेचा. दोरीवरची लुगडी दुपारी एकपर्यंत वाळली.

हातात पाच पाच अक्षता घ्या. मुलांना जवळ बसवा. ज्यांची लांब आहेत त्यांनी मनात नावं घ्या. ऐका जिवतीबाई, लेकुरवाळ्या माउली, तुमची कहाणी.

आटपाट म्हणतात तसं एक नगर होतं. नगराला चार वेशी होत्या. तीन वेशींवर तीन देवळं होती, चौथ्या वेशीवर चायनीजची गाडी होती. दिवेलागणीला कढई वाजायची, आणि वास वाऱ्यावर बसून घरोघरी जायचा. देवळांच्या घंटा ऐकून मुलं उठत नसत, कढई ऐकून उठत.

त्या नगरात सगुणा नावाची बाई राहायची. बायकांचे झंपर शिवायची. नवरा रामजी टेंपो चालवायचा. घरात सासू होती. आणि एक लेक होती, मैना. वय वर्षं चार, महिने दोन.

ज्येष्ठात मैनेला ताप आला. नऊ दिवस राहिला. औषध जवळ नेलं की मैना दात मिटायची. मग रामजी म्हणाला, "मैनाबाई, चमचाभर घ्या. दर शुक्रवारी तुम्हांला गाडीवरच्या नूडल्स."

मैनेनं विचारलं, "दर म्हणजे?"

"दर म्हणजे सगळ्या शुक्रवारी."

मैनेनं तोंड उघडलं. ताप उतरला, शब्द राहिला.

मग शुक्रवार आला, नूडल्स आल्या. मैना जेवली. शनिवारी सगुणेनं भाकरी वाढली. मैना म्हणाली, "आज शुक्रवार आहे का?" नाही म्हटलं, तिनं ताट सरकवलं. रविवारी वरणभात वाढला. "आज शुक्रवार आहे का?" ताट सरकवलं. सोमवारी थालीपीठ लावलं, वर लोण्याचा गोळा ठेवला. मैनेनं लोणी चाटलं आणि म्हणाली, "आज तरी आहे का?"

आषाढ सरता सरता अंगणवाडीत मुलांची वजनं झाली. मैना काट्यावर बारा किलो शंभर ग्रॅम भरली. अंगणवाडीची ताई म्हणाली, "वहिनी, तापाआधी ही तेराच्या वर होती. श्रावणातला चौथा शुक्रवार झाला की सोमवारी पुन्हा काटा करू. चढली नाही, तर तालुक्याच्या दवाखान्यात पाठवावी लागेल. पंधरा दिवस ठेवून घेतात." ठेवून घेतात म्हटल्यावर सगुणेनं मैनेला काट्यावरून उचलून कडेवर घेतलं.

मग काय झालं? सगुणा घरी आली, भिंतीवरच्या जिवतीच्या कागदापुढं बसली आणि रडू लागली. तोच दारात एक म्हातारी आली. पाठीला बाक, कपाळाला आडवं कुंकू, हातात काठी. म्हणाली, "बाई बाई, का रडतेस?"

"आजी, लेक जेवत नाही. काही वसा असेल तर सांगा."

"तुला वसा कशाला? घेशील, कंटाळशील, चुलीत घालशील."

"घेणार, कंटाळणार नाही, चुलीत घालणार नाही."

म्हातारीनं काठी टेकली. "मग ऐक. श्रावणातले चार शुक्रवार लेकीला आपल्या हातानं वाढावं. लेक जेवून उठली की तिच्या ताटात उरेल तेच आपण खावं. दुसरं तोंडात घालू नये. पाणी चालेल."

"आणि काही उरलं नाही तर?"

"तर नाही."

"आणि तिला वाढायचं काय?"

"ते तू जाण. आई तू आहेस." आणि म्हातारी पायरी उतरून गेली.

पहिला शुक्रवार आला. रामजी टेंपो घेऊन परगावी गेला होता. सासू म्हणाली, "सणाच्या दिवशी गाडीवरचं घरात आणशील तर मी या घरात पाणी पिणार नाही." मग सगुणेनं पुरण घातलं. पोळ्या केल्या, कटाची आमटी केली, भजी तळली. मैना ताटावर बसली. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं.

"आज शुक्रवार आहे ना?"

"आहे."

"मग?"

सगुणेनं आमटीची वाटी पुढं सरकवली. मैनेनं एक भजं खाल्लं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. ताटात दोन पोळ्या उरल्या, आमटी उरली, पाच भजी उरली. नेमाप्रमाणे सगुणेनं सगळं खाल्लं. पोट तट्ट फुगलं. सासू म्हणाली, "वा गं वा! उपास आईचा आणि उपाशी लेक! असलं व्रत माझ्या सासूनं नाही ऐकलं." सगुणेला कळेना, व्रत पावलं की चुकलं.

दुसरा शुक्रवार आला. रामजी घरी होता. म्हणाला, "आई, तू देवाला शब्द देतेस तो पाळतेस ना? मी पोरीला दिलाय." आणि नूडल्सची पिशवी घेऊन आला. गाडीवाल्यानं श्रावण म्हणून कांदालसूण घातला नव्हता, तसं पिशवीवर लिहूनही दिलं होतं. सासूनं ते दोनदा वाचलं आणि पिशवी आत येऊ दिली. सगुणेनं आपल्या हातानं वाढलं. मैनेनं सगळं खाल्लं. ताट बोटानं पुसलं, बोट चाटलं. एक दोरा उरला नाही.

सगुणा सात तांबे पाणी प्यायली आणि झंपराला काजं करत बसली. चौथ्या खेपेला सुईत दोरा गेला. शेजारणी म्हणाल्या, "काय कडक व्रत गं तुझं!" लेकीचं पोट भरलेलं, आपलं रिकामं. व्रत म्हणतात ते असंच असतं, हे सगुणेला पटलं. शनिवारी मैनेनं भाकरी सरकवली. मग पटलेलं पुन्हा सुटलं.

मग सगुणा तीन दारी विचारायला गेली. पहिल्या दारी डॉक्टर होता. "डॉक्टर, पोरीला नूडल्स द्याव्या का?"

"कधीमधी चालतं."

"दर शुक्रवारी देतो."

"ते कधीमधी झालं नाही. तो वार झाला."

"मग बंद करू?"

डॉक्टरनं चष्मा पुसला. "मी बंद करा म्हटलं नाही. ती दुसरं काही पोटभर खाते का?"

"नाही."

"मग एकदम बंद कसं करणार?" आणि त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.

दुसऱ्या दारी अंगणवाडीची ताई होती. ती म्हणाली, "त्यात मैदा, मीठ नि तेल. मुलाचं पोट एवढं एवढं. ते त्यानं भरलं तर डाळीला जागा कुठं?" सगुणेनं मान डोलावली. निघताना ताईची मुलगी दारातून आत आली, हातात कुरकुऱ्यांची पुडी. ताई म्हणाली, "ही आज हट्टच धरून बसली." आणि सगुणा खाली बघून चपला घालू लागली.

तिसऱ्या दारी गाडीवाला होता. सगुणेनं विचारलं, "दादा, खरं सांगा. तुमच्या पोरीला हे देता का?"

"देत होतो वहिनी. आता ती हात लावत नाही. रोजचंच झालं ना. तिच्या वाढदिवसाला विचारलं काय पाहिजे, तर म्हणाली वरणभात, वर लिंबू. आमच्याकडे तो सणाचा पदार्थ."

सगुणा तीन दारी गेली, तीन उत्तरं घेऊन आली. घरी पोचेपर्यंत तिन्ही उत्तरं एकमेकांत गुंतली, आणि टोक सापडेना.

तिसरा शुक्रवार आला. सगुणेनं युक्ती केली. एकीच्या जागी नूडल्सच्या दोन प्लेटी आणवल्या. म्हटलं, लेकीचंही पोट भरेल आणि माझ्यापुरतंही उरेल. दोन्ही एका ताटात वाढल्या. मैनेनं डोंगर पाहिला आणि हसली. खात राहिली. पोट भरलं तरी खात राहिली. पोटाला ताण बसला तेव्हा उठली. ताटात चार घास उरले.

ते सगुणेनं खाल्ले. आजवर तिनं नूडल्स कधी चाखल्या नव्हत्या. पहिला घास घेतला, थांबली. दुसरा घेतला. तिसरा घेतला. चौथा संपला तेव्हा तिनंही बोटानं ताट पुसलं. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. मनात म्हणाली, एवढं चवीचं असल्यावर पोर माझी भाकरी का खाईल?

दिवे लागले आणि मैना ओकली. एकदा ओकली, दोनदा ओकली, तिसऱ्यांदा नुसतं पाणी पडलं. सासूनं तिचं कपाळ धरलं, रामजीनं तसराळं धरलं. सासू म्हणाली, "तुझ्या व्रतात हेच राहिलं होतं. उरलं ते खा म्हणाली ना म्हातारी?" सगुणा उठली. जमीन पुसली, लेकीचे कपडे धुतले, जिवतीकडे पाहिलं. जिवती पाळणा हलवत होती, ती हलवतच राहिली.

चौथा शुक्रवार आला. सोमवारी काटा. सगुणेनं पुरण घातलं. रामजी नूडल्सची अर्धीच प्लेट घेऊन आला. म्हणाला, "शब्द पाळायचा म्हणालो, किती ते बोललो नव्हतो." सगुणेनं दोन्ही वाढलं. पोळी, आमटी, भात, एका बाजूला नूडल्स. मैना ताटावर बसली, तोच दारात काठी वाजली. तीच म्हातारी.

सगुणा उठली आणि एका दमात बोलली, "आजी, हा कसला वसा? लेक उपाशी राहिली की मी जेवते, लेक जेवली की मी उपाशी, आणि दोघी जेवलो तर ती ओकते. तुम्ही काय वाढायचं ते सांगितलं नाहीत. मी तीन दारी विचारून आले."

म्हातारी म्हणाली, "चौथ्या दारी गेली नाहीस."

"चौथं कुणाचं?"

म्हातारीनं काठीनं ताटाकडे दाखवलं आणि मैनेशेजारी बसली.

मैना सगळं ऐकत होती. म्हणाली, "आई, तू शुक्रवारी जेवत नाहीस?"

महिना झाला होता. डॉक्टरला सांगितलं होतं, ताईला सांगितलं होतं, शेजारणींना माहीत होतं. मैनेला कुणी सांगितलं नव्हतं.

सगुणा म्हणाली, "तू जेवलीस की जेवते. तुझ्या ताटात उरेल ते."

"आणि नाही उरलं तर?"

"तर पाणी पिते."

"मला का नाही सांगितलं?" मैना रागावली. खरंच रागावली, कान लाल झाले. "मी सगळं खाल्लं ना!" मग ताटाकडे वाकली. बोटानं भातात रेघ ओढली. पोळीचे दोन तुकडे केले, लहानमोठे झाले म्हणून पुन्हा जुळवून पाहिले. "इकडचं तुझं. इकडचं माझं."

म्हातारी म्हणाली, "आणि मी गं?"

मैनेनं तिच्याकडे पाहिलं. "तुमचं घर नाही?"

"आहे. पण चुलीला सुटी."

मैनेनं ओठ दाबून धरले. मग रेघ पुसली आणि दोन ओढल्या. भाताचे तीन झाले, पोळीचे तीन झाले. नूडल्सवर हात गेला आणि थांबला. एक दोरा उचलला, ठेवला. पुन्हा उचलला. मग आईकडे बघत म्हणाली, "तुला हे आवडतं?"

सगुणेला खोटं बोलवेना. "आवडतं."

मैनेनं नूडल्समधला मोठा ढीग आईकडे सरकवला, मधला म्हातारीकडे, आणि आपल्यापुढं चार घास ठेवले. त्यावर तिचं पोट भरणार नव्हतं. म्हणून तिनं आपला भात ओढला आणि आमटी घालून खाल्ला. पोळीला लागली. पोळी संपली.

म्हातारीनं नूडल्सचा दोरा तोंडात धरून ओढला, त्याचं टोक हनुवटीवर लोंबलं. मैना एवढी हसली की तिला ठसका लागला. म्हातारीनं दोरा गिळला आणि म्हणाली, "मीठ जास्त आहे." मग दुसरा दोरा उचलला.

सगुणेनं हात जोडले. "आजी, आता तरी सांगा. दर शुक्रवारी द्यायच्या की नाही?"

आतून सासूनं हाक मारली, "अगं, कुणाशी बोलतेस?" सगुणेनं मागं वळून पाहिलं, पुन्हा पुढं पाहिलं. पाटावर म्हातारी नव्हती. पाटाशी पाच अक्षता पडल्या होत्या आणि तिचा वाटा संपलेला होता.

शनिवारी सगुणेनं भाकरी वाढली. मैना म्हणाली, "आज शुक्रवार आहे का?"

"नाही."

"तू जेवणार आहेस ना?"

"जेवणार."

मैनेनं भाकरीवर बोटानं रेघ ओढली आणि आपल्या बाजूची खाल्ली.

सोमवारी अंगणवाडीत काटा झाला. आभाळ भरलेलं होतं, पाऊस नव्हता. मैनेनं चपला काढल्या, काट्यावर बसली. बारा किलो तीनशे ग्रॅम. ताईनं वहीत लिहिलं, तालुक्यासाठी लिहून ठेवलेली चिठ्ठी फाडून टाकली, पुढची तारीख दिली. येत्या शुक्रवारचं रामजीनं विचारलं. सगुणा म्हणाली, "अजून चार दिवस आहेत."

जिवतीबाई जशी मैनेच्या ताटात जेवली, तशी तुमच्याआमच्या लेकरांच्या ताटात जेवो. ही साठा घासांची कहाणी, पाचा घासांत, सुफळ संपूर्ण.