चक्कीचा ब्रेक

एका चिमुकल्या बेटावर पूर्वी पक्ष्यांचा कारभार होता. डिझेल इंजिनाच्या धुराला कंटाळून त्यांनी पवनचक्की उभारली आणि ती चालवायचं शिकायला बगळेसाहेबांना समुद्रापार पाठवलं. साहेब शिकून आले आणि लगेच बढतीवर मासळी खात्यात गेले. मग टिटवीबाई शिकून आल्या. त्यांनाही बढती मिळाली, बंदर खात्यात.

चक्कीचा ब्रेक कुणी सोडलाच नाही. वारा आला की तिची पाती नुसती थरथरत.

"आता कोण गेलंय शिकायला?" चक्कीनं इंजिनाला विचारलं.

"पाणकावळेसाहेब," इंजिन खोकत म्हणालं. "ते तरी तुझ्याकडे येवोत. मलाही आता झेपत नाही गं."

पाणकावळेसाहेब किनाऱ्यावर उतरले, तोच त्यांच्या गळ्यात बढतीचा हार पडला. हार सावरत त्यांनी एकदा चक्कीकडे पाहिलं.

वारा तर छान सुटला होता.